नाव घेणाऱ्याला संत्री

देशात कुठेही कुणी आपल्या लेखात जंतसरांचं नाव घेतलं, की आठ-दहा दिवसांत त्या माणसाच्या दारात संत्र्यांची पेटी जायची. पेटीवर जाड निळ्या अक्षरांत पत्ता, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पत्र आणि पत्रात ठरलेला मजकूर: आपण आपल्या अमुक लेखात माझ्या तमुक लेखाचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं, घरच्या बगीच्यातली फळं पाठवत आहे, गोड मानून घ्यावी. पत्र इंग्रजीत असायचं. 'गोड मानून घ्यावी' याचं सरांनी शब्दशः केलेलं इंग्रजी वाचून लखनौपासून कोचीपर्यंतचे डॉक्टर काय समजले असतील, ते त्यांनाच ठाऊक. कुरियरवाला फळं परदेशी नेत नसे, म्हणून तिकडे नुसतं पत्र जायचं. त्यात 'संत्री पाठवता येत नाहीत याचं वाईट वाटतं' अशी एक ओळ जास्त असायची.

मी अकोल्यातल्या एका मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं देणं-घेणं आता नावापुरतं राहिलंय. खरं काम मोजणीचं. कुठल्या डॉक्टरचे किती लेख छापून आले आणि दुसऱ्यांनी आपल्या लेखांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, याची यादी मी काढून देते. बढतीच्या अर्जाला ती लागते. एरवी माझ्याकडे ढुंकून न पाहणारे डॉक्टर अर्जाच्या महिन्यात माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

जंतसर मायक्रोबायोलॉजीत सहयोगी प्राध्यापक होते. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते सहीपुरतं. आयुष्यभर माणसाच्या पोटातल्या जंतांवर काम केल्यामुळे मुलांनी हे नाव ठेवलं आणि सरांनी ते खुशीनं घेतलं. नव्या बॅचला पहिल्याच तासाला सांगायचे, "मागून जंतसर म्हणणारच आहात, तर तोंडावर म्हणा. लाजायचं काही नाही. तुमच्याही पोटात असतीलच."

घर अमरावतीला, राजकमल चौकाच्या मागे, नोकरी अकोल्याला. सोमवारी सकाळी यायचे, शनिवारी जायचे. वलगावच्या पुढे त्यांच्या मोठ्या भावाचा संत्र्याचा बगीचा होता, त्यामुळे मोसमात सोमवारी सर एकटे येत नसत, दोन पेट्या बरोबर असायच्या. माझं माहेर अमरावतीचं असल्यामुळे मला गावाकडच्या बातम्या ऐकाव्या लागत: कुठल्या चौकात खोदकाम चालू आहे, गिला वडा कुणाचा बिघडला. त्या संपल्या की टेबलावर दोन्ही हात टेकून सर विचारायचे, "मॅडम, आकडा?"

आकडा म्हणजे त्यांचा उल्लेखांचा निर्देशांक. तो वर्षानुवर्षं चार होता. मी 'चार' म्हणायचे, ते 'बरं' म्हणायचे आणि जायचे. एखादा नवा उल्लेख झालेला असला तर मात्र खुर्ची ओढून बसायचे. "कोण आहे? कुठला आहे? पत्ता दिलाय का?" कुणी आणि कशासाठी नाव घेतलं, हे लेख उघडून पाहायची त्यांना गरज वाटत नसे. मलाही नाही. "नाव घेतलं ना माणसानं," ते म्हणायचे. "इतकी दुनिया पडली आहे. उगाच कोण कोणाचं नाव घेते?"

एकदा त्यांचे दादा पेट्या घेऊन थेट ग्रंथालयात आले. धोतर, टोपी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मला म्हणाले, "बाई, हे आकडा आकडा काय असते? घरी आला का हा तेच सांगते." मी समजावायला सुरुवात करणार, तेवढ्यात सरच म्हणाले, "दादा, असं समज. ज्या बगीच्यात चार झाडांना कमीत कमी चार-चार संत्री लागली, त्या बगीच्याचा आकडा चार. पाच पाहिजे तर पाच झाडं पाहिजेत, पाच-पाच संत्र्यांची."

"आन एकाच झाडाले हजार लागले तं?"

"तरी ते एकच झाड."

"मंग बाकीचे कोन खाल्ले?"

"ते मोजत नाहीत, दादा."

दादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हे मोजमाप एखाद्या यापाऱ्यानं काहाडलेलं दिसते." माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत निर्देशांक इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता. नव्या डॉक्टरांना मी आजही तो असाच सांगते. दादांचं मत मात्र सांगत नाही.

संत्री बाराही महिने नसतात. बिनमोसमी उल्लेख झाला, तर सर घरच्या तुरीची डाळ पाठवायचे, दोन किलो, कापडी पिशवी शिवून. बनारसच्या एका प्राध्यापकांचं त्यावर पत्र आलं होतं की, नमुना मिळाला, यावर कुठली तपासणी करायची आहे ते कळवावं. सरांनी उलट टपाली कळवलं, "शिजवून पाहावी."

कुणाचे उपकार ठेवायचे नाहीत, हा त्यांचा स्वभावच. लेखाच्या शेवटी आभार मानायची पद्धत आहे, दोन ओळींची. सरांची यादी अर्ध्या पानाची व्हायची आणि संपादक ती दर वेळी कापायचे. बार्शीटाकळी तालुक्यातल्या खेड्यांवरचा त्यांचा जो मोठा लेख होता, त्यात तर त्यांनी एसटीच्या कंडक्टरचे आभार मानले होते. त्या गावांतून तपासणीसाठी संडासाच्या डब्या थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून, एसटीनं अकोल्याला येत. पहिल्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, खोक्यात काय आहे? सरांनी खरं ते सांगितलं. "माणसाची संडास आहे. चाळीस जणांची." कंडक्टर म्हणाला, "मंग तिकीट कितीचं फाडू?" पण तो रोज खोकं आणायचा आणि स्टँडवर स्वतःच्या हातानं उतरवून द्यायचा. "त्याच्याशिवाय हा लेख झाला नसता," सर म्हणायचे. संपादकांनी त्यालाही कापलं.

हा बार्शीटाकळीचा लेख म्हणजे सरांचं हजार संत्र्यांचं झाड. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाच्या पायातून आकडीकृमी शरीरात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. सरांनी डब्या तपासून दाखवून दिलं होतं की, त्या गावांत हे जंत आता फारच थोडे उरले आहेत. चांगली बातमी होती, म्हणून लोक तिचा उल्लेख करत. सरांचा उल्लेख करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक याच लेखाचे.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा प्राध्यापकाची जागा निघाली. याआधी दोनदा लेख कमी पडले म्हणून त्यांचा अर्ज परत आला होता. या वेळी नियमात बसायला जितके लागतात, बरोबर तितके होते. एकही जास्त नव्हता. मी यादी काढून दिली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. "मॅडम, आयुष्यभर जंत मोजले. एक दिवस का होईना, प्राध्यापक म्हणून सही करतो, मग रिटायर होतो." मी म्हटलं, आधी फोटो चिकटवा, तो राहिलाय. मला वाटलं, झालंच आता काम.

मुलाखतीला महिना असताना डीनसाहेबांना एक ईमेल आली. परराज्यातल्या कुठल्याशा कॉलेजातल्या डॉक्टरनं लिहिलं होतं की, आपल्या संस्थेतल्या एका डॉक्टरचा उल्लेख केल्याबद्दल मला फळांची पेटी मिळाली आहे. उल्लेखांच्या मोबदल्यात वस्तू देण्याचं आपल्या संस्थेचं धोरण आहे काय? सोबत पेटीचा फोटो होता. दोन संत्री कमी दिसत होती. म्हणजे तक्रार खाऊन झाल्यावर केली होती.

आमचे तेव्हाचे डीन पुण्याचे. अकोल्यात येऊन तीन वर्षं झाली, तरी इथे प्रत्येक जण आपल्याशी भांडायलाच आलाय असा त्यांचा समज होता. त्यांनी तीन जणांची समिती नेमली: स्वतः ते, सर्जरीच्या बाई आणि औषधशास्त्राचे एक मितभाषी गृहस्थ. दोष सिद्ध झाला तर मुलाखतीचं पत्रच निघणार नव्हतं. नोंदी घेऊन हजर राहायचा हुकूम मला आला.

मी तयारीला लागले. एका कागदावर उल्लेखांच्या तारखा, दुसऱ्यावर कुरियरच्या पावत्यांच्या. तारखा पडताळायला मला प्रत्येक लेख उघडावा लागला. सोळा वर्षं मी उल्लेख मोजत होते, एकही वाचला नव्हता. या वेळी डबा खाता खाता वाचले. बहुतेक ठिकाणी सरांचं नाव पाच-सहा जणांच्या गर्दीत, कंसात, उभं राहायला जागा नसल्यासारखं. भुवनेश्वरच्या एका डॉक्टर बाईंच्या लेखात मात्र सरांवर अख्खा परिच्छेद होता. तो वाचून मी डबा बंद केला. सरांना सोडवायला एवढा एक कागद पुरेसा होता.

चौकशी सुरू झाली.

डीननी विचारलं, "डॉक्टर, आपण ही फळं का पाठवता?"

"बगीचा आहे म्हणून."

"आणि बगीचा नसता तर?"

"तर नसती पाठवली."

"पण उल्लेख करणाऱ्यांनाच का?"

"ज्यांनी केला नाही त्यांचा पत्ता कुठून आणू?"

सर्जरीच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. डीन ताठ झाले. "याला प्रलोभन म्हणतात, डॉक्टर."

"काहून म्हणतात? तुमच्या घरी येऊन कोणी तुमच्याबद्दल चार शब्द बोललं, तर त्याले चहा पाजता का नाही?"

"आपण आवाज चढवू नका."

"मी कुठे चढवून राहिलो? माझा आवाजच असा आहे."

मी दोन्ही कागद पुढे केले. म्हटलं, एकही पेटी उल्लेखाच्या आधी गेलेली नाही, सगळ्या नंतरच्या आहेत. डीननी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. तेव्हा औषधशास्त्राचे गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "नंतर दिली हे खरं. पण पुढच्या वेळी पुन्हा नाव घ्यावं, अशी अपेक्षा असू शकते."

"तेही पाहिलंय," मी म्हटलं. "ज्यांना पेटी मिळाली, त्यांच्यातल्या एकानंही पुन्हा सरांचं नाव घेतलेलं नाही."

सर माझ्याकडे वळले. "एकानंही नाही?"

"नाही, सर."

"त्या मदुराईवाल्यानंही नाही? त्याले दोन पेट्या पाठवल्या होत्या."

मला पुढे जायचं होतं. मी भुवनेश्वरचा कागद काढला. "आणि या बाईंना पाठवलेली पेटी पाहा. यांनी सरांबद्दल काय लिहिलंय ते वाचते." मी वाचलं. मथितार्थ असा होता: बार्शीटाकळीच्या अभ्यासातले आकडे विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. आकडीकृमीची अंडी उष्णतेत काही तासांतच फुटतात, विरून जातात. डबी दिल्यापासून ती तपासेपर्यंत किती वेळ गेला, याची लेखात कुठेही नोंद नाही. जंत कमी झाले आहेत की अंडी वाटेतच नष्ट झाली, हे या लेखावरून सांगता येत नाही.

एवढी टीका तरी सरांच्या कानावर गेली असेल, असं मी धरून चालले होते. ती माझी चूक.

सर म्हणाले, "मॅडम, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. या वेळी ते टेबलाकडे पाहत होते.

डीननी चष्मा काढला. ते तीन वर्षांत पहिल्यांदाच हसताना दिसले. "लाच देणारा माणूस निदान वाचून तरी देतो," ते म्हणाले आणि चौकशी तिथेच मिटली. यापुढे फळं, धान्य, कडधान्य काहीही पाठवायचं नाही, अशी एका ओळीची ताकीद मिळाली. मुलाखतीचं पत्र दुसऱ्या दिवशी निघालं.

बाहेर आल्यावर सर माझे आभार मानतील, अशी माझी रास्त अपेक्षा होती. आभार मानण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते म्हणाले, "मॅडम, ते बार्शीटाकळीचे जुने फॉर्म कुठे आहेत?"

फॉर्म ग्रंथालयाच्या माळ्यावर होते. आम्ही गठ्ठे खाली काढले. प्रत्येक डबीमागे एक फॉर्म: नाव, वय, गाव, चप्पल वापरता का, तारीख. फॉर्म सरांनी स्वतः आखला होता. तारखेचा रकाना होता, वेळेचा नव्हता. सरांनी तिथल्या तिथे, जमिनीवर बसून, सुमनताईंना फोन लावला. सुमनताई म्हणजे तिथल्या आरोग्यसेविका. डब्या गोळा करून एसटीत ठेवायचं काम त्यांचं. फोनचा आवाज मोठा होता, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"ताई, आपण डब्या गोळा करायचो, त्या किती वाजता?"

"सकाळी सहाले, सर. बाया वावरात जाच्या आंधी."

"आणि गाडी?"

"गाडी दीडची."

"मग सहापासून दीडपर्यंत खोकं?"

"ओट्यावर ठेवत होती. बर्फ दहा वाजेलोक पुरे. मंग पानी होऊन जाये."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तं आले का म्हणत, ताई, डब्या भरल्या का, गाडी भेटली का. भेटत होती रोज."

सर पुढच्याच दिवशी मायक्रोस्कोप पेटीत घालून गावात गेले. सहाला आलेल्या डब्या तिथेच शाळेच्या व्हरांड्यात सव्वासहापासून तपासल्या, मग त्याच डब्या ओट्यावर ठेवून, दीडच्या गाडीनं अकोल्याला आणून पुन्हा तपासल्या. मार्च होता, तरी ऊन होतं. मूळ अभ्यास तर मे महिन्यातला. संध्याकाळी पाचला ते माझ्यासमोर येऊन बसले. शर्टावर घामाच्या मिठाचा नकाशा उमटला होता.

"गावात पाहिलं तर अंडीच अंडी. मोजता मोजता डोळे दुखले. इथं आणून पाहिलं तर साफ." त्यांनी तळहात दाखवला, जणू तोच पुरावा. "मॅडम, जंत कमी झालेच नाहीत. त्या बायांचं रक्त पिऊन राहिले आणि मी छापून मोकळा झालो की सगळं ठीक आहे."

मला पुढचं दिसायला लागलं. मी म्हटलं, "सर, मुलाखत तीन आठवड्यांवर आहे."

"हो ना."

"हा लेख मागे घेतला तर एक कमी पडेल. अर्ज परत येईल. पुढची जागा निघेपर्यंत तुम्ही रिटायर झालेले असाल."

"हो ना."

"मग आधी मुलाखत द्या. ऑर्डर हातात आली की मागे घ्या. कुणी विचारणार नाही. लेख इतकी वर्षं पडून आहे, अजून महिनाभर राहील."

मी हे मनापासून सांगत होते आणि आजही त्यात मला वावगं वाटत नाही. सर म्हणाले, "महिन्यात अजून कोणी नाव घेतलं तर?"

"एखाद्यानं घेतलं तर घेतलं."

"एखाद्यानं नव्हे, मॅडम. तो लिहिणार, तिथे जंत नाहीत. त्याचं वाचून कोणी तरी गोळ्या वाटणं बंद करणार. आतापर्यंत कोणी नाव घेतलं की मले बरं वाटे. आता भेव वाटते."

त्या संध्याकाळी त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. माझ्याच कॉम्प्युटरवर, कारण त्यांच्या विभागातला बंद होता. इंग्रजी मी तपासलं. पत्र सहा ओळींचं होतं आणि त्यात सुमनताई, बर्फ, एसटी कुणाचाही दोष काढलेला नव्हता. वेळ नोंदवायला मी विसरलो, एवढंच. पत्र पाठवायच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "तुमचं मत अजूनही तेच आहे का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरं," आणि बटण दाबलं.

लेख मागे घेतला गेला. निर्देशांक चाराचा तीन झाला. अर्ज परत आला, त्यावर लाल शाईत 'एक लेख कमी'. डीननी त्यांना बोलावून सांगितलं म्हणे की, डॉक्टर, थोडं थांबला असतात तर. पुण्याच्या या माणसाचं आणि माझं एकमत झालेला तो एकच विषय.

सरांनी एवढ्यावर थांबावं ना! त्या लेखाचा ज्यांनी ज्यांनी उल्लेख केला होता, त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतंत्र पत्र पाठवलं की, आपण माझं नाव घेतलंत ते चुकीच्या गोष्टीसाठी, कृपया पुन्हा घेऊ नये. पत्ते सगळे होतेच, पेट्यांचे. ताकिदीप्रमाणे नुसतंच पत्र. बनारसच्या प्राध्यापकांनी लिहिलं, "आपला प्रामाणिकपणा मोठा आहे. डाळही उत्तम होती." मदुराईवाल्यांनी कळवलं, "पत्र मिळालं. या वेळी पेटी मिळाली नाही, कृपया कुरियरकडे चौकशी करावी." भुवनेश्वरच्या बाईंचं पत्र लांबलचक होतं. त्यांनी लिहिलं होतं की, मी इतकी कठोर टीका केली आणि आपण मला फळं पाठवलीत, त्यांच्यासोबतचं पत्र मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचून दाखवते. टीका कशी स्वीकारावी याचा हा नमुना आहे. सर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी लगेच तिसरं पत्र लिहायला घेतलं की, मी तेव्हा आपला लेख वाचलाच नव्हता. मी म्हटलं, "सर, आता हे तरी राहू द्या." ते राहू देणार नव्हतेच. ते पत्रही गेलं.

निरोपसमारंभात डीन मोठ्या मनानं म्हणाले, "आज आपले ज्येष्ठ प्राध्यापक..." तोच सर खुर्चीतून उठले. "सहयोगी, साहेब. सहयोगी प्राध्यापक. दुरुस्ती करून घ्या." सभागृह हसलं. डीननी दुरुस्ती केली आणि भाषण पुढे चालू ठेवलं. माझ्या शेजारी बसलेल्या सर्जरीच्या बाई म्हणाल्या, "एक दिवस चालवून घेतलं असतं तर काय झालं असतं?" मला आतून संताप आला होता. सरांचा की नियमाचा, ते ठरत नव्हतं.

सर अमरावतीला जाऊन बगीचा पाहतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. दादांनीही. पण ग्रंथालयाची दोन पुस्तकं त्यांच्या नावावर राहिली होती आणि ना-हरकत दाखला मी तसा देत नाही. फोन केला तर म्हणाले, पुस्तकं इथं आहेत, बार्शीटाकळीकडे, रविवारी सकाळी या. गेल्या मे महिन्यात मी गेले. साडेसहा वाजले होते आणि उन्हाची सुरुवात झाली होती. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर आरशावर चालणारा जुना मायक्रोस्कोप, त्याला डोळा लावून बसलेले सर. बाजूला सुमनताई, मनगटावर घड्याळ, हातात फॉर्म. नव्या फॉर्मवर वेळेचे दोन रकाने होते. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत बायांची रांग, प्रत्येकीच्या पदराखाली डबी.

मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सरांनी डोळा न काढताच पुस्तकं कुठे आहेत ते बोटानं दाखवलं. मी ती पिशवीत घातली आणि बोलायला लागले. नवे डीन कोण आले, मायक्रोबायोलॉजीत आता कोण बसतं, त्यांच्या जागेवर ज्यांना घेतलं त्यांचे लेख किती. माझ्या मते त्यांनी ऐकण्यासारखं बरंच होतं. तेवढ्यात माझ्या मागच्या बाईनं मला खांद्याला धरून हलवलं. साठीची असेल, डोक्यावर वावरात जायचं टोपलं.

"ओ बाई, तुमच्या गोठी मंग सांगजा," ती म्हणाली. "माही डबी उनात हाय. अंडे फुटतीन ना!"

मी बाजूला झाले.